चढाचे बारा, उताराचे चार

आमच्या घरात भाकरीला रोज वेगळी चव असायची. ती मायच्या हाताची करणी नव्हती, गिरणीच्या दगडांची होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पिठाची गिरणी चालवायचे. गावाची ज्वारी, बाजरी, मका, उडीद, हरभरा, सारं त्या दोन दगडांमधून जायचं. दळण संपलं की दगडांच्या पोटात, लाकडी पेटीच्या कोपऱ्यात, भुईवर जे काही उरायचं ते माय कुंच्याने गोळा करून चाळून घ्यायची. त्याला आम्ही झाडण म्हणायचो आणि त्याचीच भाकर खायचो. एखाद्या दिवशी मक्याने गोडसर, एखाद्या दिवशी उडदाने चिकट. भाकरीचा रंग पिवळा दिसला की समजायचं, आज कोणाच्या तरी घरी पाहुणे येणार आहेत आणि हरभरा जास्त दळला गेलाय. बरोबर तव्यावर भाजलेली मिरची, पाट्यावर रगडलेली, वर कच्चं तेल. आबा कोणाच्या डब्यातलं चिमूटभर पीठ घेत नसत, पण दगड जे ठेवून घेतो ते दगडाचं, आणि दगड आमचे. म्हणून मी कधी कधी म्हणतो की मी एकट्या आईबापाचा नाही, अख्ख्या गावाचं खाऊन वाढलो.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. शहाद्याहून तोरणमाळच्या अंगाला निघालं की सपाटी संपता संपता, जिथे कापसाची शेतं लहान होत जातात आणि दगड मोठे होत जातात, तिथे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आमच्या इंजिनच्या धुराड्यावर आबांनी पत्र्याचा एक रिकामा डबा उपडा बसवला होता. इंजिन सुरू झालं की त्या डब्यातून पुक-पुक, पुक-पुक असा आवाज निघायचा आणि शेताशेतांतून फिरत नाल्यापलीकडे जायचा. तो आवाज म्हणजेच आमची पाटी. जवळच्या बाया आधीच दारात येऊन बसायच्या, लांबच्या तो आवाज ऐकून हातातलं काम टाकून डबे डोक्यावर घ्यायच्या. आता गावात दोन विजेच्या चक्क्या आहेत, त्यांना आवाज नाही. पण दुपारी माझा डोळा लागला की अजून ते पुक-पुक येतं, आधी लांबून, मग जवळून, आणि मी झोपेतच पायाने काहीतरी शोधत असतो. सून म्हणते, बाबा झोपेत सायकल चालवतात. खरंच असेल.

ते इंजिन सुरू करायला दोन माणसं लागायची. एकाने हँडल मारायचं, दुसऱ्याने नेमक्या क्षणी वरचा खटका पाडायचा. आबांनी तरुणपणी एकट्याने ते करायला पाहिलं, हँडल उलटं फिरलं आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण पुन्हा धड झाला नाही. म्हणून तिसरीत असताना माझं नाव शाळेतून निघालं आणि हँडल माझ्या हातात आलं. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, थोडं वाटलं. पण अंगात जोर आला तसा त्या हँडलचाही अभिमान वाटायला लागला. मी नसलो तर गिरणी बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सकाळचं माझं दुसरं काम सायकलचं. बारा किलोमीटर वर डोंगरात पावरा लोकांचा एक पाडा होता. तिथे गिरणी नव्हती. मी सकाळी पीठ घेऊन वर जायचो आणि त्यांचं धान्य घेऊन खाली यायचो. सायकल काळी, बावीस इंची. मागचं कॅरिअर लोहाराने सळया लावून रुंद केलेलं, त्यावर तीस किलोचं ओझं. पोत्यांवर नावं नसायची. ज्याची त्याची गाठ वेगळी. कोणी दोरीला दोन वेढे द्यायचा, कोणी लाल चिंधी बांधायचा, एका म्हातारीच्या गाठीत नेहमी कोंबडीचं पीस असायचं. मला अक्षरं कमी येतात, पण त्या पाड्यातलं एकही पोतं मी चुकीच्या दारात उतरवलं नाही.

रस्ता कच्चा, गिट्टी टाकून सोडून दिलेला, पण किलोमीटरचे दगड मात्र लावून ठेवलेले. बारा दगड. चढावर लोक उतरून सायकल ढकलायचे. मी उतरत नसे. जीव घशाशी यायचा, मांड्या पेटायच्या, पण पाय भुईला लावायचा नाही हा माझा नेम. कोणी घालून दिला होता असं नाही. मीच घातला, मीच पाळला, आणि मीच सगळ्यांना सांगत फिरलो. तिथेच सगळं बिघडलं.

आमच्या पुढच्या खोलीत गुरुजी भाड्याने राहायचे. तापीपलीकडून बदलून आलेला माणूस, एकटा, नीटनेटका. मला तिसरीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्या घड्याळाचं त्यांना भारी वेड. आंघोळीला किती मिनिटं लागतात, चहा किती मिनिटांत उकळतो, सगळं मोजायचे. आमच्या गिरणीत एक डबा ज्वारी दळायला बरोबर दहा मिनिटं लागतात, हेही त्यांनीच एकदा उभं राहून मोजून सांगितलेलं. आबांना त्यांचा फार आदर. गुरुजींच्या तोंडून निघालेला आकडा म्हणजे आबांना देवळातला अंगारा.

त्या दिवसांत मोहाची फुलं गळत होती. दिवस उन्हाचे, हवा जड, आणि डोंगराकडून वारा आला की अख्खं गाव गोड वासाने सुस्तावल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. आबा इंजिनचा पट्टा दाभणाने शिवत होते. मी गुरुजींना म्हणालो, "गुरुजी, ह्या रस्तावर मन्हाइतली सायकल कोनी हानत नही."

"किती हाणतोस?"

"भलती."

"भलती म्हणजे ताशी किती?"

गुरुजींचे डोळे चमकले. म्हणाले, "रविवारी काढू तुझा सरासरी वेग."

रविवारी ते माझ्या आधी चालत निघाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दगडाच्या मधल्या टेकाडावर छत्री उघडून बसले. तिथून दोन्ही दगड दिसायचे. मी दगड ओलांडला की रुमाल हलवायचा, असं ठरलं. वर जाताना एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मला बरोबर दहा मिनिटं लागली. येताना तीन मिनिटं आणि वर वीस सेकंद. गुरुजी म्हणाले, "चढ ताशी सहा, उतार ताशी अठरा. म्हणजे उतरताना दहा मिनिटांत तीन दगड."

संध्याकाळी त्यांनी ओट्यावर खडूने मांडलं. "सहा आणि अठरा चोवीस, भागिले दोन, बारा. तुझा सरासरी वेग ताशी बारा किलोमीटर. तीस किलो ओझं घेऊन. शाबास."

माझी छाती फुगली. बारा हा आकडा मला इतका देखणा वाटला की मी तो मनात दोनदा म्हटला. गुरुजी आपल्या नादात पुढे बोलत गेले. "जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, म्हणजे दोन तास. वर पोती उतरवायला, भरायला अर्धा तास. साडेसहाला निघालास की नऊला घरी."

आबांचा दाभण थांबला. "कितला वाजता?"

"नऊ वाजता, आबा."

"हाऊ तं नऊले येत नही."

गुरुजी म्हणाले, "हो, इंजिन दहाला दहा कमी असताना वाजतं. मी रोज पाहतो." आणि मग त्यांच्याही लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी खडू खाली ठेवला.

आबांनी हिशोब बोटांवर केला. सावकाश. "पन्नास मिन्टं. रोज. कथा जास रे तू?"

"कोठेच नही, आबा. मन्हा पाय भुईले लागत नही."

"तठे बाया डबा लिसन दारमा बठेल ऱ्हातीस. आनी तू पन्नास मिन्टं कथा जास?"

"कोठेच नही."

ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या सदऱ्याला नाक लावलं. मोहाचा वास. तो रोजच यायचा, कारण पाड्यावर पोती ठेवायची ती मोहाच्या वाळवणाशेजारी. पण मला एक काका होता, आबांचा थोरला भाऊ. मोहाच्या दारूने गेला. कोरड्या नाल्यात सापडला. मी तेव्हा पाळण्यात होतो. आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेत नसे, फक्त मोहाचा हंगाम आला की आबा जेवताना गप्प व्हायचे. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे बघत होते, पण मला वाटलं, ते माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघतायत.

"तो भी आसंच सांगे," आबा म्हणाले. "कोठेच नही."

त्यांनी साखळी आणली, सायकलच्या चाकातून ओवून खांबाला बांधली, कुलूप लावलं आणि किल्ली इंजिनजवळच्या खिळ्याला टांगली. "खरं सांगशी तवय हाई कुलूप निंघी."

किल्ली माझ्या हाताच्या अंतरावर होती. हँडल मारताना कोपर लागून हलायची. मी ती घेतली असती तर कोणी अडवलं नसतं. पण घेतली असती तर आबांना जे वाटत होतं ते खरं ठरलं असतं. आणि माफी मागावी, तर कशाची? जे केलंच नाही त्याची? मी तेव्हा अठराचा असेन, पण हट्ट ऐंशीचा होता. आता मी ऐंशीच्या पुढे आहे. हट्ट तेवढाच आहे, तो वाढला नाही.

चार दिवस मी आबांशी बोललो नाही, ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी हँडल, खटका, पुक-पुक, एवढंच आमचं बोलणं. वरच्या पाड्याचं पीठ कोपऱ्यात साठत गेलं. माय भाकर वाढताना हळूच म्हणायची, "भाऊ, काही व्हई तं सांगी टाक. बापसंगे कितला दिन आडशी?"

"व्हई तं सांगसू ना, माय."

"मंग ती पन्नास मिन्टं?"

हा प्रश्न मायनेही विचारावा, याचं मला फार लागलं. कारण माझ्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं. मी अंथरुणावर पडून रस्ता पुन्हा पुन्हा चढायचो. पहिला दगड, सागाची दोन झाडं, दुसरा दगड, टेकाड, तिसरा. कुठेच पन्नास मिनिटं सांडलेली दिसायची नाहीत. मग मला भीती वाटायला लागली. गुरुजींचा आकडा चुकत नाही. मीही खोटं बोलत नाही. मग रस्त्यातच अशी काही जागा आहे का, जिथे मी शिरतो आणि बाहेर येतो आणि मला कळत नाही? डोंगरात अशा गोष्टी सांगतात. गुराखी दुपारी झाडाखाली बसतो आणि उठतो तर सांज. मी काकाचा विचार करायचो. त्यालाही असंच झालं असेल का?

पाचव्या दिवशी कोंबडीच्या पिसाची गाठ बांधणारी म्हातारी स्वतः बारा किलोमीटर उतरून आली. डोक्यावर ज्वारीचं पोतं. तिच्या बोलीत तिने मला विचारलं, आजारी आहेस का. मी नाही म्हणून मान हलवली. तिने साखळी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. आबांनी तिचं पोतं उतरवून घेतलं, आणि उतरवताना त्यांनी पोत्याला नाक लावलेलं मी पाहिलं. ती साठलेलं पीठ घेऊन गेल्यावर आबा चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "वासनं समजनं माले. पन्नास मिन्टंसनं समजनं नही."

त्या दुपारी गिर्‍हाईक नव्हतं. फक्त म्हातारीचं पोतं दळायचं होतं. आबा घरात पडले होते. इंजिन चालू, मी रिकाम्या पोत्यांवर आडवा, आणि उन्हाच्या एका तिरपीत पीठ तरंगत होतं. गिरणीत पीठ कधी पूर्ण खाली बसत नाही. ते हवेत फिरत राहतं आणि बघत राहिलं तर आपणही फिरायला लागतो. मी ज्वारीचा एक डबा ओतला आणि सवयीने मनात म्हटलं, दहा मिनिटं. मग डोळे मिटले आणि आमच्या दारातून निघालो. पहिल्या दगडाला पोचलो तेव्हा गिरणीच्या दगडांचा आवाज बदलला, डबा संपला होता. उठून दुसरा ओतला. पुन्हा आडवा. दुसरा दगड. एक दगड, एक डबा. मला गंमत वाटली. मी भुईवरच्या पिठात बोटाने एक रेघ मारली, मग दुसरी. ज्वारी संपली तरी रेघा मारत गेलो. बारा दगड, बारा रेघा. पाड्यावर पोचलो. बारा डबे.

आणि मी उठून बसलो.

बारा डबे म्हणजे एकशे वीस मिनिटं. म्हणजे दोन तास. गुरुजींनी मला जाऊन-येऊन मिळून जे दोन तास दिले होते, ते वर जाण्यातच संपत होते. मग मी खाली येत होतो तो कुठल्या वेळात? गुरुजींच्या हिशोबात मी पाड्यावर पोचलो की विरघळून जात होतो आणि त्याच क्षणी आमच्या दारात उभा राहत होतो, वाऱ्यासारखा. मला हसू आलं नाही. मला वाटलं, कोणीतरी माझा सगळा उतार चोरला होता, तो मोडका रस्ता, ब्रेकचा तो कुरकुर आवाज, कानात भरणारं वारं.

मग उताराच्या रेघा मारल्या. तीन दगडांना एक डबा. बारा दगडांना चार. बारा आणि चार सोळा. गुरुजींनी सहा आणि अठराच्या मधोमध काठी रोवली होती, जणू मी दोन्हीकडे सारखाच वेळ राहत होतो. पण उतार लवकर सरतो. माणूस चढातच जास्त राहतो. बारा डबे ज्वारीत चार डबे उडीद मिसळले तर पीठ निम्मं-निम्मं होत नाही, ते ज्वारीकडेच झुकतं, हे माझ्या मायलाही भाकरीवर हात फिरवला की कळायचं. हे कोणी मला शिकवलं नाही. तिसरी शिकलेल्या माणसाने गिरणीत आडवं पडून काढलं. याचा मला अजून अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

सोळा. आनंदाने मी आबांना हाक मारणार होतो. पण आकडा एकदा दार उघडून आत आला की तो सगळं घर बघतो. मी साडेसहाला निघायचो, दहाला दहा कमी असताना यायचो. वरचा अर्धा तास काढला तर एकशे सत्तर मिनिटं. सतरा डबे. सोळा हिशोबात बसले. एक राहिला.

मी रेघा पुन्हा मोजल्या. पुन्हा सोळा. दगड चुकीचे लावलेत म्हणालो, घड्याळ चुकीचं म्हणालो. म्हातारीचं पोतं संपून दगड रिकामे घरघरायला लागले तरी माझं लक्ष नाही. मी तोच रस्ता पुन्हा उतरलो, या वेळी हळू, एकेक वळण बघत. आणि सातव्या दगडाजवळ ओढ्यावरच्या मोरीवर, त्या छोट्या पुलावर, मी मलाच पाहिलं.

तिथे डोंगर एका बाजूने उघडतो. येताना मी मोरीच्या कठड्यावर डावा पाय टेकवायचो. भुईवर नाही, कठड्यावर, म्हणजे माझा नेम मोडत नव्हता. सीटवरच असायचो. पोती मागे, घाम वाळत असलेला, आणि खाली सगळी सपाटी. उन्हात वाफ निघणारी. कुठेतरी दूर तापीची एक रेघ, कधी दिसायची, कधी नुसती वाटायची. एसटीची धूळ सुतासारखी सरकत जायची आणि ती गेल्यावरही बराच वेळ हवेत लांबच्या लांब पडून असायची. खालून काहीच ऐकू यायचं नाही. आणि त्या सगळ्या मातकट रंगात एक ठिपका चमकायचा, आमच्या गिरणीचा पत्रा. त्याखाली आबा असतील, बाया असतील, मी अजून आलो नाही म्हणून तिथे शांतता असेल. मी इथे आहे म्हणून तिथे आवाज नाही, असं काहीतरी मनात यायचं आणि मी त्या शांततेकडे बघत राहायचो. मला वाटायचं, श्वास घेण्यापुरता थांबलो. तो श्वास दहा मिनिटांचा होता.

माझी नात नंदुरबारला शिकते. ती सायकलच्या दांडीला मोबाइल लावते, तो सरासरी वेग आपोआप दाखवतो. मी विचारलं, मध्ये थांबलीस तर? म्हणाली, आजोबा, थांबलेला वेळ तो आपोआप सोडून देतो. मी म्हटलं, हे बरं आहे. पण खरं सांगू, मला ते बरं वाटलं नाही. थांबलेला वेळ सोडून दिला तर मोरी कुठे ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींना गिरणीत बोलावलं. आबा इंजिनच्या टाकीत पाणी भरत होते. मी भुईवर रेघा दाखवल्या, दगड आणि डबे सांगितले. गुरुजी उकिडवे बसले. त्यांनी दोनदा मोजलं, मग घड्याळ काढून हातात घेतलं आणि उगाच त्याला चावी दिली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "दोन वेगांची बेरीज करून निम्मं करायचं नसतं. सगळं अंतर घ्यायचं आणि सगळ्या वेळाने भागायचं. चोवीस किलोमीटर, एकशे साठ मिनिटं. ताशी नऊ झाला तुझा वेग. मी मुलांना शिकवतो हे, आणि इथे चुकलो." मग आबांकडे वळून म्हणाले, "आबा, पोराची चाळीस मिनिटं मी खाल्ली होती."

"चाळीस," आबा म्हणाले. "मी तं पन्नास आयकेल व्हतं."

"दहा मिनिटं इकडची तिकडची होतातच हो रस्त्यात. एखादं जनावर आडवं येतं, चेन पडते. तेवढं सोडून द्या." गुरुजी भला माणूस. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. आबांचा हात किल्लीकडे गेलाही होता.

पण मी चार दिवस ज्याच्यासाठी आडलो होतो तो हिशोब सोळावर थांबत नव्हता. आणि बाप मला खरं सांग म्हणाला होता, बरंचसं खरं सांग असं म्हणाला नव्हता.

"चेन पडत नही, आबा," मी म्हणालो. "एक डबा उरस. मी मोरीवर थांबस."

आबांचा हात तसाच राहिला. "कवयपाशी?"

"पहिला दिनपाशीच व्हई. माले मालूमच नव्हतं."

"कोन ऱ्हास तठे?"

"कोनीच नही."

"मंग काय करस?"

"देखस."

"काय देखस?"

"आपली गिरनीना पत्रा दिखस तठून."

आबा माझ्याकडे बघत राहिले. या वेळी माझ्याकडेच. त्यांच्या भुवयांवर नेहमीचं पीठ होतं, डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला वाटलं, आता हे म्हणतील, बाया दारात बसलेल्या असताना तू पत्रा बघतोस? आणि ते खरंच होतं. त्यांनी किल्ली काढली. माझ्या हातात दिली नाही. स्वतः खाली बसले, अवघडलेला खांदा सांभाळत, आणि कुलूप उघडून साखळी चाकातून ओढून घेतली.

"गुरुजी, खडू शे का?"

गुरुजींच्या खिशात खडू असायचाच.

"दारवर लिखा, गिरनी कितला वाजता सुरू व्हई ते. बाया उगीच येळना आगोदर येतीस."

गुरुजींनी तोंडातल्या तोंडात मांडलं, साडेसहा, दोन तास चाळीस मिनिटं, वरचा अर्धा तास, आणि दाराच्या फळीवर वळणदार अक्षरात लिहिलं. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय लिखं?"

"नऊ वाजून चाळीस मिनिटं."

आबा पाण्याची बादली उचलून इंजिनकडे वळता वळता म्हणाले, "पन्नास लिखा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, अंगठ्याने चाळीस पुसलं आणि पन्नास लिहिलं. मी पोती बांधायला घेतली.